पीपीटी चढवून झाल्या, आता पुढे काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही पदवीच्या पहिल्या वर्षाला भौतिकशास्त्र शिकवता, वर्गात शंभराच्या वर मुलंमुली आहेत. कॉलेजने मूडल (साहित्य, क्विझ आणि चर्चा वेबवर ठेवायची व्यवस्था) बसवून दिलं आणि तुम्ही दोन सत्रं खपून सगळ्या पीपीटी, नोट्सच्या पीडीएफ, तासांची रेकॉर्डिंग तिथे चढवलीत. मुलं ती परीक्षेच्या आदल्या रात्री उघडतात, एरवी तिकडे फिरकत नाहीत. भरीला वर्गातली हजेरीही रोडावली. आता आणखी कोणती साधनं घ्यावीत, व्हिडिओ बरे कसे करावेत आणि चॅटजीपीटीच्या दिवसांत गृहपाठाचं काय करायचं, हे तुम्हाला हवंय.

साधनांचं उत्तर छोटं आहे म्हणून ते आधी देऊन टाकतो: आणखी एकही नको. मूडल आहे, एक साधा फॉर्म करता येतो, एक स्प्रेडशीट उघडता येते. एवढ्यावर वर्ष निघतं. दर सत्राला नवं ॲप आणणाऱ्या शिक्षकाचे विद्यार्थी पासवर्ड लक्षात ठेवण्यात पटाईत होतात. भौतिकशास्त्रात झालेले मी पाहिले नाहीत.

बाकीचं उत्तर लांब आहे.

तुमची आज जी गत आहे ती माझी वीसेक वर्षांपूर्वी झाली होती. तेव्हा आमच्याकडे मूडलसारखं काही नव्हतं. मी हाताने एचटीएमएल लिहून विषयाचं पान केलं, सुट्टीभर बसून हस्तलिखित नोट्स स्कॅन केल्या आणि पानाच्या तळाशी किती जण येऊन गेले ते मोजणारा आकडा लावला. तो आकडा सत्रभर जागचा हलला नाही, आणि परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी धावत सुटला. पुढच्या वर्षी तासाला न येणाऱ्या एका मुलाला मी कारण विचारलं. तो म्हणाला, ‘सर, नोट्स तर वर आहेत ना? मग तासाला वेगळं काय असतं?’ उद्धटपणा नव्हता त्यात. त्याला खरंच माहीत करून घ्यायचं होतं, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी तासाला त्याच नोट्स फळ्यावर उतरवून देत होतो.

मी वेबचं टपालखातं केलं होतं. इथून पाकीट टाकायचं, तिकडे पोचतं, संपलं काम. शिक्षणशास्त्रात रिचर्ड क्लार्क यांनी १९८३ सालीच लिहून ठेवलंय की माध्यम हे माल वाहणाऱ्या ट्रकसारखं असतं, आणि ट्रक बदलल्याने खाणाऱ्याचं पोषण बदलत नाही. रॉबर्ट कोझ्मा यांनी पुढे त्यांना हिरिरीने विरोध केला: माध्यमाच्या अंगी असे काही गुण असतात की त्यांच्यामुळे शिकणंच वेगळं होतं, असं त्यांचं म्हणणं. मला दोघंही पटतात. मजकूर पोचवण्यापुरतं बोलायचं तर क्लार्क बरोबर आहेत. कागदाची झेरॉक्स काय किंवा पीडीएफ काय, न वाचणाऱ्याला दोन्ही सारखीच. पण एक गोष्ट फळ्याला कधीच जमली नव्हती आणि वेबला जमते: मी वर्गात पाऊल ठेवायच्या आधी शंभर डोक्यांत काय चाललंय ते मला दिसू शकतं.

खरं तर हे तंत्र मुळात दुतर्फाच होतं. टिम बर्नर्स-ली यांनी १९९० मध्ये लिहिलेला पहिला ब्राउझर हा संपादकही होता, त्यात पान वाचता यायचं तसं लिहिताही यायचं. मूडल तयार करणारे मार्टिन डुगियामस यांनाही, २००२ साली पहिली आवृत्ती आली तेव्हा, विद्यार्थ्यांनी एकमेकांसोबत काहीतरी घडवत शिकावं अशी जागा हवी होती. आपण त्या जागेचं गोदाम केलं.

तर मुद्द्यावर येतो. १९९० च्या दशकात, वेब अजून रांगत असताना, अमेरिकेतले ग्रेगर नोवाक आणि त्यांचे सहकारी भौतिकशास्त्र शिकवताना एक पद्धत वापरू लागले. तिला ‘जस्ट-इन-टाइम टीचिंग’ असं नाव पडलं. तासाच्या आधी दोन-तीन प्रश्न वेबवर टाकायचे, विद्यार्थ्यांनी वाचून उत्तरं लिहायची, शिक्षकाने ती तासाला जाण्यापूर्वी वाचायची आणि त्या उत्तरांप्रमाणे तास बदलायचा. यात तंत्रज्ञान किती? एक फॉर्म. पण पुढे मी जे काही केलं त्यातलं सर्वांत कामाचं हेच ठरलं, म्हणून यावर थोडं थांबतो.

मी प्रत्येक घटकाला तीन प्रश्न देतो. पहिला वाचलेल्या भागावरचा साधा प्रश्न. दुसरा असा की ज्याचं उत्तर पुस्तकात तयार सापडत नाही, आणि ‘का’ हे लिहावंच लागतं. उदाहरणार्थ: मालाने भरलेला ट्रक आणि छोटी कार समोरासमोर आदळतात. ट्रकने कारवर लावलेलं बल जास्त, की कारने ट्रकवर लावलेलं? का? न्यूटनचा तिसरा नियम शाळेपासून पाठ असलेली मुलंसुद्धा इथे ट्रकच्या बाजूने उभी राहतात. त्यांची कारणं वाचण्यासारखी असतात. ‘कारचा चुराडा होतो म्हणजे बल तिच्यावर जास्त’ असं लिहिणाऱ्याला नियम माहीत आहे. बल आणि बलाचा परिणाम यांतला फरक माहीत नाही. हे मला फळ्यासमोर उभं राहून कळलं नसतं. वर्गात विचारलं असतं तर पहिल्या बाकावरून ‘समान’ असं उत्तर आलं असतं आणि मी खूश होऊन पुढे गेलो असतो.

तिसरा प्रश्न दर वेळी तोच. तो नीट शब्दांत बसवायला मला वर्ष लागलं. आधी मी लिहीत असे, ‘काही शंका असल्यास लिहा.’ सगळ्यांचं एकच उत्तर: ‘शंका नाही.’ मग ‘काय समजलं नाही?’ असं केलं. त्यावर ‘सगळं समजलं’ आणि ‘काहीच समजलं नाही’ अशी दोनच टोकं आली. आता विचारतो: ‘या भागातलं कोणतं वाक्य तुम्हाला सर्वांत कमी पटलं? ते वाक्य उतरवून काढा आणि कुठे अडलात ते लिहा.’ वाक्य उतरवायचं म्हटलं की पान उघडावं लागतं. आणि ‘समजलं नाही’ म्हणण्यात जो कमीपणा वाटतो तो ‘पटलं नाही’ म्हणण्यात वाटत नाही.

गुण द्या, पण प्रामाणिकपणे लिहिल्याचे द्या, बरोबर उत्तराचे देऊ नका. हा नियम मोडलात की सगळी पद्धत बसली म्हणून समजा. बरोबर उत्तराला गुण ठेवले की एक हुशार मुलगी लिहिते आणि चाळीस जण तिची नक्कल करतात. आपल्याला तर चुकाच हव्या असतात.

वेळेचंही सांगून ठेवतो. मुदत आदल्या रात्री दहाची ठेवा. बाराची ठेवली तर बाराला पाच कमी असताना झोपेत लिहिलेलं येतं. सकाळी अर्धा तास वाचनाला लागतो. शंभर उत्तरं अर्ध्या तासात कशी वाचायची? सगळी वाचायचीच नाहीत. उत्तरं स्प्रेडशीटमध्ये उतरवा आणि लांबीप्रमाणे लावा. अगदी आखूड दहा आणि अगदी लांब दहा वाचलीत की वर्गाचा अंदाज येतो, मग मधली वीसेक अधूनमधून उचला. ज्यांचं वाचलं त्यांच्या नावापुढे खूण करा. तीन-चार खेपांत प्रत्येकाचं उत्तर एकदा तरी डोळ्यांखालून गेलं पाहिजे. आणि ज्याचं वाचलं त्याला वर्गात एखादा शब्द त्याबद्दल बोला. सर खरंच वाचतात, ही बातमी वर्गात लगेच फिरते. वाचत नाहीत ही त्याहून लगेच फिरते.

तासाला काय करायचं? तीन उत्तरं निवडा, नावं काढा, पडद्यावर लावा. अगदी मूर्खासारखी नकोत. चुकीची पण विचार करून लिहिलेली हवीत. मग वर्गाला मत द्यायला सांगा. हार्वर्डमध्ये एरिक माझूर १९९१ पासून जे ‘पीअर इन्स्ट्रक्शन’ करत आले ते हेच. त्यांची गोष्ट आपल्यासारख्यांनी ऐकण्याजोगी आहे. त्यांच्या विद्यार्थ्यांना आकडेमोडीची अवघड गणितं येत होती. पण बल आणि गती यांबद्दलच्या साध्या, आकडे नसलेल्या चाचणीत तेच विद्यार्थी अडखळले. एकीने तर विचारलं की तुम्ही शिकवलंत तसं उत्तर लिहू, की मी एरवी विचार करते तसं? माझूर यांनी मग व्याख्यान तोडून मध्ये प्रश्न घालायला सुरुवात केली: प्रत्येकाने आपलं आपण उत्तर ठरवायचं, शेजाऱ्याला पटवायचं, पुन्हा मत द्यायचं.

मतदानासाठी फोन वापरता येतो, मूडलमध्येही सोय आहे. पण खरं सांगू? चार रंगांची कार्डं वर करायला लावली तरी तेवढंच काम होतं, आणि नेटवर्क गेलं म्हणून तास बुडत नाही. एक अंदाज लक्षात ठेवा. पहिल्या मतदानात वर्गातल्या एक तृतीयांश ते दोन तृतीयांश मुलांचं बरोबर आलं तर चर्चा रंगते. त्याहून कमी असेल तर चर्चेत चूकच पसरते, आधी तुम्ही थोडं समजवा. त्याहून जास्त असेल तर दोन वाक्यांत आटपून पुढे चला.

असल्या पद्धतींनी फरक पडतो का, असं तुमचे ज्येष्ठ सहकारी विचारतील. त्यांना रिचर्ड हेक यांची १९९८ सालची पाहणी दाखवा. भौतिकशास्त्राचे ६२ अभ्यासक्रम, ६,५४२ विद्यार्थी. सत्राच्या सुरुवातीला जेवढी सुधारणा शक्य होती तिच्यापैकी किती प्रत्यक्षात झाली, हे त्यांनी काढलं. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांत सरासरी ०.२३, विद्यार्थ्यांना बोलतं-करतं ठेवणाऱ्या वर्गांत ०.४८. म्हणजे दुपटीहून थोडं जास्त. ही पाहणी ज्या काळातली आहे तेव्हा बहुतेक वर्गांत वेब नव्हतंच, हेही त्यांना सांगायला विसरू नका. फरक पद्धतीचा आहे. वेबमुळे ती शंभर जणांच्या वर्गात पेलते, एवढंच.

हजेरीचं कोडं यातच सुटतं. तासाला जे होतं ते पीपीटीत नसेल तर पोरं येतात. तुमचं मुसळ केरात गेलं ते इथेच: तास आणि पीपीटी एकच होते.

मात्र एका गोष्टीची तयारी ठेवा. मुलं कुरकुर करतील. ‘सर शिकवत नाहीत, आम्हालाच विचारतात.’ हार्वर्डमध्येच लुई देलोरिए आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये हे मोजून दाखवलं. सफाईदार व्याख्यान ऐकलेल्यांना वाटलं की आपण जास्त शिकलो. स्वतः झटापट करून शिकलेल्यांना वाटलं की कमी शिकलो. चाचणीत निघालं नेमकं उलटं. मी आता पहिल्याच तासाला वर्गाला ही हकीकत सांगून टाकतो. कुरकुर थांबत नाही, पण तिला थोडा विनोदी सूर येतो.

आता क्विझ. मूडलमधलं मला सर्वांत आवडणारं अंग हेच, आणि ते सर्वांत वाईट वापरलं जातं. आपण त्याच्याकडे परीक्षा म्हणून पाहतो. त्याचा खरा उपयोग आठवायला लावण्यासाठी आहे. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांचा २००६ मधला प्रयोग बघा. विद्यार्थ्यांनी एक उतारा वाचला. काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने विचारलं तेव्हा पारडं फिरलं: वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना ५६. परीक्षेच्या आदल्या रात्री तुमच्या पीडीएफवर पडणाऱ्या झुंबडीचा अर्थ यात आहे. सकाळच्या पेपरापुरतं ते पुरतं, पुढच्या सत्राला उरत नाही.

म्हणून दर आठवड्याला पाच-सहा प्रश्नांची छोटी क्विझ, कितीही वेळा सोडवा, शेवटचे गुण धरणार. त्यातले एक-दोन प्रश्न महिन्याभरापूर्वीच्या घटकाचे. प्रत्येक चुकीच्या पर्यायामागे दोन ओळींचा अभिप्राय लिहा: ‘तुम्ही हा पर्याय निवडला म्हणजे बहुधा वेग आणि त्वरण एकच धरलंत.’ चुकीचे पर्याय कुठून आणायचे? स्वतः रचू नका. फॉर्ममधल्या उत्तरांत मुलांनी ते तुमच्यासाठी लिहून ठेवलेले असतात, त्यांच्याच शब्दांत. माझी प्रश्नपेढी अशी वर्षानुवर्षांच्या चुकांतून साठत गेली. पाठ्यपुस्तकातले पर्याय तिच्यापुढे फिके आहेत.

संख्यात्मक गणितांसाठी मूडलमध्ये ‘कॅल्क्युलेटेड’ प्रकारचा प्रश्न आहे. सूत्र तुम्ही द्यायचं, प्रत्येकाला आकडे वेगळे येतात. नक्कल करायची तर पद्धतीची करावी लागते, आणि पद्धतीची नक्कल म्हणजे बऱ्याच अंशी शिकणंच. फक्त चूक-मर्यादा, म्हणजे उत्तरात किती फरक चालेल ते, बघून घ्या. पहिल्यांदा मी ती फार चिंचोळी ठेवली होती. गुरुत्वत्वरण ९.८ धरणाऱ्यांचं सगळं चुकलं, ९.८१ धरणाऱ्यांचं बरोबर आलं. रात्री अकरा वाजता आलेले संदेश अजून आठवतात.

क्विझ झाली की तिच्या आकडेवारीचं पान उघडत जा. किती टक्के जणांना प्रश्न जमला आणि एकूण चांगले गुण असणाऱ्यांनाच तो जास्त जमला का, हे दोन आकडे तिथे असतात. दुसरा आकडा उणे आला तर त्याचा अर्थ हुशार मुलांचं चुकलं आणि कच्च्या मुलांचं बरोबर आलं. असा प्रश्न दिसला की मुलांना दोष देऊ नका, आधी आपली उत्तरसूची तपासा. माझी चुकलेली निघाली होती, आणि दोन वर्षं कोणी बोललं नव्हतं.

व्हिडिओंबद्दल. तासांची रेकॉर्डिंग काढून टाका असं म्हणत नाही. आजारी पडलेल्याला, कानाने अधू असलेल्याला, पुन्हा ऐकावंसं वाटणाऱ्याला ती लागतात. पण त्यांना शिकवणं समजू नका. फिलिप ग्वो आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये एडएक्स या ऑनलाइन शिक्षणाच्या संस्थळावरच्या चार अभ्यासक्रमांमधले ६९ लाख वेळा पाहिले गेलेले व्हिडिओ तपासले. व्हिडिओ कितीही लांब असो, प्रेक्षक साधारणतः सहा मिनिटांपलीकडे टिकत नव्हते. स्टुडिओतल्या चकचकीत चित्रीकरणापेक्षा टेबलाशी बसून बोलणारा शिक्षक आणि हळूहळू उमटत जाणारं हस्ताक्षर लोकांना जास्त धरून ठेवत होतं. तेव्हा कॅमेऱ्यावर पैसे घालू नका. माइक बरा घ्या. चित्र अंधूक असलं तर माणूस सहन करतो, आवाज फुटका असला की खिडकी बंद करतो.

काय चित्रित करायचं, हे जास्त महत्त्वाचं. व्याख्या नको, त्या पुस्तकात आहेत. एक गणित घ्या, पाच-सहा मिनिटांत सोडवा आणि सोडवताना डोक्यात जे चालतं ते मोठ्याने बोला. ‘इथे मला वाटतंय ऊर्जा अक्षय्यतेने सुटेल, पण घर्षण आहे, म्हणजे नाही सुटणार.’ अनुभवी माणूस वाट चुकल्यावर परत कसा फिरतो, हे छापील उत्तरात कधीच दिसत नाही.

आणि फाइलचा आकार बघा. तासभराचा नुसता आवाज ३२ केबीपीएसवर मोनो साठवला तर साडेचौदा एमबीच्या आत बसतो. तेवढाच व्हिडिओ शेकडो एमबी होतो. ज्याचा डेटा संपत आलाय त्याला आवाज अधिक सहा स्लाइडची पीडीएफ पुरते. चढवण्याआधी प्रत्येक गोष्ट एकदा स्वतःच्या फोनवर, वायफाय बंद करून उघडून बघा. तुमच्या पीपीटीतला बारा आकाराचा मजकूर तिथे मुंगीएवढा दिसतो. स्कॅन केलेलं पान म्हणजे नुसतं छायाचित्र. त्यात शोधता येत नाही, आणि दृष्टिहीन विद्यार्थ्याचं वाचनयंत्र त्यापुढे मुकं होतं. मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा.

अनुकरणांचं, म्हणजे सिम्युलेशनचं, थोडक्यात. नोबेलविजेते कार्ल वायमन यांनी २००२ मध्ये सुरू केलेला फेट हा संच फुकट आहे आणि उत्तम आहे. पण ‘हे उघडून खेळा’ म्हणून दुवा दिलात तर मुलं पाच मिनिटं खटके वरखाली करून बाहेर पडतात. आधी भाकीत लिहून घ्या, मग उघडू द्या, मग भाकीत का चुकलं ते लिहायला सांगा. यातली पहिली पायरी गाळली की उरतो तो खेळ. जाता जाता एक: ब्राउझरमधल्या फ्लॅश या जुन्या तंत्रावर केलेलं कितीतरी शैक्षणिक साहित्य २०२० अखेर फ्लॅश बंद झाल्यावर एका रात्रीत गेलं. फेटवाल्यांनी आपलं काम एचटीएमएल५ मध्ये आणलं होतं म्हणून ते तगले. तुमची प्रश्नपेढी मूडलच्या बाहेर, साध्या मजकुराच्या फाइलमध्येही ठेवा. गिफ्ट नावाचा साचा त्यासाठीच आहे.

चर्चा-फोरम बहुतेक ठिकाणी ओस पडलेला असतो, तुमचाही असेल. ‘या विषयावर आपलं मत मांडा’ यावर कोणी काही मांडत नाही. एक जण मांडतो आणि बाकीचे ‘सहमत’ लिहितात. मूडलमध्ये ‘क्यू अँड ए’ नावाचा फोरम आहे, त्यात स्वतः लिहिल्याशिवाय इतरांचं दिसत नाही. लिहिल्यावरही संपादनाची मुदत, एरवी अर्धा तास, संपल्यावरच दिसतं. हे वर्गाला आधी सांगा, नाहीतर ‘सर, दिसत नाहीये’ याचाच पूर येतो. गटकामासाठी सामाईक दस्तऐवज बरा. त्याचा इतिहास उघडला की कोणी किती आणि कधी लिहिलं ते कळतं.

आता चॅटजीपीटी. ३० नोव्हेंबर २०२२ ला ते आलं तेव्हा मीही धास्तावलो. पहिली प्रतिक्रिया पकडापकडीची होती. ती सोडून द्या. मजकूर यंत्राने लिहिलाय का ते सांगणारं, चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयने स्वतःच काढलेलं ओळखयंत्र अचूकता कमी म्हणून २०२३ च्या जुलैमध्ये, म्हणजे सहा महिन्यांतच, मागे घेतलं. असल्या यंत्राच्या भरवशावर एखाद्या मुलावर लबाडीचा ठपका ठेवणं मला तरी जमणार नाही. सफाईने लिहिणारी मुलं आपल्याकडेही असतात की.

मी तीन बदल केले. घरी लिहून आणलेल्या मजकुराचं गुणांतलं वजन उतरवलं आणि वर्गात, हाताने, डोळ्यांदेखत होणाऱ्या कामाचं वाढवलं. प्रकल्प असला की प्रत्येकाशी तीन मिनिटं बोलतो: ‘हा आलेख इथे का वाकलाय?’ स्वतः केलं असेल तर उत्तर लगेच येतं, नसेल तर कळतं आणि आवाज चढवावा लागत नाही. तिसरं, कधीकधी यंत्राचंच उत्तर गृहपाठ म्हणून देतो. ट्रक आणि कारच्या प्रश्नासारखे सोपे प्रश्न ते आता सफाईने सोडवतं, पण अटी थोड्या विचित्र केल्या की आत्मविश्वासाने घसरतं. ‘यातली चूक शोधा आणि ती का पटण्याजोगी वाटते ते लिहा’ हा प्रश्न द्यायला मला पूर्वी स्वतः चुकीची उत्तरं रचावी लागत.

आणि तासापूर्वीचा फॉर्म? त्यातही यंत्राकडून लिहून आणतात का? आणतात काही जण. पण तिथे चुकल्याची शिक्षा नाही, चार ओळी पुरतात, आणि ‘तुम्हाला कोणतं वाक्य पटलं नाही’ हे यंत्राला विचारण्यात जेवढे कष्ट तेवढ्यात स्वतःचं लिहून होतं. जे आणतात ते ओळखूही येतात: त्यांना काहीही न पटलेलं नसतं.

खासगीपणाबद्दल दोनच गोष्टी. गुण, उत्तरपत्रिका, आजारपणाची कारणं फोनवरच्या गटात कधीही टाकू नका. आणि मूडल कोणी कोणतं पान कधी उघडलं ते सांगतं, त्यावरून कोणाला जोखू नका. पान उघडं ठेवून झोपता येतं. त्या नोंदींचा एकच उपयोग मी करतो: दोन आठवडे कोणी काहीच उघडलं नसेल तर त्याला निरोप धाडतो, ‘सगळं ठीक ना?’ बऱ्याचदा ठीक नसतं.

सुरुवात एकाच घटकापासून करा. सगळं सत्र उलथवू नका, दमाल. माझं ऐकाल तर विद्युत मंडलापासून करा. प्रश्न असा द्या: बॅटरीला एक दिवा जोडलाय, तो लागलाय. दिव्यात शिरण्यापूर्वीचा विद्युतप्रवाह जास्त, की दिव्यातून बाहेर पडल्यानंतरचा, की दोन्ही सारखे? का? प्रवाह दिव्यात ‘वापरला जातो’ असं लिहिणारे तुमच्या अपेक्षेपेक्षा बरेच जास्त निघतील, त्यांत चांगले गुण मिळवणारेही असतील. पहिल्या खेपेला निम्म्याच जणांची उत्तरं येतील. त्यांतलीच तीन पडद्यावर लावा. ज्यांनी लिहिलेलं नसतं ते आपलं मत कोणत्या उत्तराशी जुळतं ते बघत बसतात, आणि पुढच्या खेपेला त्यांच्यातले बरेच जण लिहितात.